उलटा पीळ

मंगल,

तुझा एकही फोटो कोरड्या हातांचा नाही. तू गेलीस त्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या जुन्या ग्रुपवर सगळ्यांनी तुझे फोटो टाकायला सुरुवात केली आणि मी ओट्यापाशी उभी राहून ते एकेक करून बघितले. शिक्षकांची महाबळेश्वरची सहल: तू गॅलरीत, पदर खोचलेला, कोपरापर्यंत फेस. उज्जैन: तू धर्मशाळेच्या नळाशी, हातात पिळलेला ब्लाउज, कॅमेऱ्याकडे बघून हसतेस. लोक देवळासमोर उभे राहून फोटो काढतात, तू कपडे वाळत घातलेल्या दोरीसमोर. खाली एकीने लिहिलं, ‘माझी मंगल’. दुसरीने लिहिलं, ‘माझी प्रवासातली सोबतीण’. तिसरीने हात जोडले, चौथीने रडके चेहरे टाकले आणि पुन्हा ‘माझी’. एकदा तुझ्याबरोबर शिर्डीला जाऊन आलेल्या बाईनेसुद्धा ‘माझी’ लिहिलं. शिर्डीला! सकाळी निघून संध्याकाळी परत. त्यात कपडे धुवायची वेळ तरी येते का?

तुझे सगळ्यात जास्त फोटो माझ्याकडे आहेत. मी एकही टाकला नाही.

रडू मला दुसऱ्या दिवशी आलं. पहिल्या दिवशी आला तो हेवा. तुला सांगायला हरकत नाही, तुला तो नेहमीच दिसायचा. ‘मुकादम, तुझं नाक लाल झालं,’ असं म्हणायचीस. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, तू चित्रकलेची बाई. स्टाफरूममध्ये मला मुकादम हे नाव तूच पाडलंस, आणि नंतर पोरंसुद्धा मागून म्हणायला लागली. मला त्याचा राग यायचा, पण दुसऱ्या कोणी म्हटलं तरच. तुझ्या तोंडून ते ऐकायची सवय झाली होती.

आपण पहिल्यांदा दोघीच निघालो ती हंपीला. आठवतं ना? माझी बॅग चाकांची, मोठी, आत प्रत्येक दिवसाचा जोड वेगळ्या पिशवीत, पिशवीवर वाराची चिठ्ठी. शिवाय एक जोड जास्तीचा, एक जास्तीच्यालाही जास्तीचा. तू नाशिकरोड स्टेशनवर आलीस ती खांद्याला झोळी लावून. मी तुझ्या मागे बघितलं, हमाल सामान आणतोय का म्हणून.

‘बाकीचं कुठंय?’ मी विचारलं.

‘हेच. एक अंगावर, एक झोळीत.’

‘आणि आठवडाभर?’

‘रोज धुवायचं.’ मग माझ्या बॅगेकडे बघून म्हणालीस, ‘तू प्रवासाला निघालीस की बदलीवर?’

‘तू प्रवासाला निघालीस की बाजारात जाऊन येणारेस?’ मी म्हटलं. इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते गाडी दौंडला पोचेपर्यंत चाललं. समोरच्या बर्थवरचे काका आधी पेपर वाचत होते, नंतर त्यांनी पेपर खाली ठेवला.

त्या आठवड्यात मला कळलं की हेवा कशाकशाचा वाटू शकतो. माझी बॅग दगडी पायऱ्यांवरून चढवताना तू वर पोचून नदी बघत असायचीस. मी खोलीत उद्याचा जोड कुठला ते ठरवत असायचे, आणि तुझ्याकडे ठरवण्यासारखं काही नसायचंच. पण खरा हेवा वाटायचा तो संध्याकाळी. फिरून आलो की तू आंघोळ करतानाच दिवसाचे कपडे धुवायचीस, ओल्या कपड्यांची बादली घेऊन लॉजच्या मागच्या अंगणात जायचीस, आणि तिथे तासभर रमायचीस. मी खिडकीतून बघायचे. तिथे नळाशी एक कानडी म्हातारी भांडी घासायची. तुला कानडी येत नाही, तिला मराठी येत नाही. तरी तिसऱ्या संध्याकाळी तू वर येऊन मला सांगितलंस की तिच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरत नाहीये आणि सून म्हणून तिला कुरळ्या केसांची मुलगी नको आहे.

‘हे तुला कसं कळलं?’

‘साबण देता घेता कळतं.’

माझ्याकडे आठवडाभराचे इस्त्रीचे कपडे होते आणि बोलायला लॉजचा मॅनेजर होता. तोही फक्त आधार कार्डाबद्दल बोलायचा.

पुढच्या वेळी तू मला फोन करून एवढंच म्हणालीस, ‘दोन जोड घे आणि चल.’ मी यादी केली, ती फाडली, पुन्हा केली, आणि शेवटी दोन जोड घेतले. कुणाच्या सांगण्यावरून मी काही कमी केल्याचं माझ्या घरात कुणाला आठवत नव्हतं. नवरा म्हणाला, ‘बरं वाटतंय ना?’

तुझ्याकडून मी जे शिकले ते कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. सुती जाड कापड प्रवासात न्यायचं नाही. साबणाची वडी अख्खी न्यायची नाही, दोऱ्याने कापून तुकडे करायचे. बेसिनचं भोक बुजवायला बूच नसेल तर मोजा कोंबायचा. पिळलेला कुडता कोरड्या पंच्यात गुंडाळून त्याच्यावर उभं राहायचं, म्हणजे उरलेलं पाणी पंचा पितो. कपडे उलटे वाळत घालायचे. सकाळी जरासे दमट असताना गादीखाली सरकवायचे, आवरून होईपर्यंत इस्त्री. चिमटे लागतच नाहीत, परकराच्या दोन नाड्या एकमेकींभोवती पीळ घालून बांधल्या की त्यांच्या मधे कपड्याचं टोक खुपसता येतं. एका लॉजमध्ये पाटी होती, ‘खोलीत कपडे धुण्यास सक्त मनाई आहे.’ तू पाटीखालीच दोरी बांधलीस. मॅनेजर वर आला तेव्हा शांतपणे म्हणालीस, ‘दादा, धुण्याला मनाई आहे. मी वाळवतेय.’

गोकर्णला मात्र तुझं काही चाललं नाही. हवाच ओली. मी तुझं न ऐकता सोलापुरी चादर नेली होती आणि त्यावर रसमचा वाडगा सांडला म्हणून ती धुवायला काढली होती. तू कपाळावर हात मारलास. ‘सोलापुरी? इथे? ती पुढच्या वर्षी वाळेल.’ तरी उठलीस. आपण समोरासमोर उभ्या राहिलो, एकेक टोक धरलं आणि पिरगाळायला लागलो. चादर गरगर फिरायला लागली. पाण्याचा थेंब पडेना. आपण जोर लावला, चादर आणखी जोरात फिरली, मुली दोरीवरच्या उड्या मारतात तशी. तू आधी हसायला लागलीस, मग मी, आणि मग आपण तिथे फरशीवर बसूनच घेतलं.

मला कळायला वेळ लागला. दोन बायका समोरासमोर उभ्या राहिल्या की दोघी आपापल्या उजवीकडे पिरगाळतात. एकीची उजवी बाजू ती दुसरीची डावी, म्हणून पीळ विरुद्ध पडतो आणि पाणी निघतं. तू डावरी. तू तुझ्या डावीकडे पिरगाळायचीस. म्हणजे आपण दोघी चादर एकाच बाजूला फिरवत होतो. एकीने तरी हात बदलायला हवा होता. तू म्हणालीस, ‘माझा वळत नाही. लहानपणी मास्तरांनी पट्टीने मारूनही वळला नाही.’

मग मी बदलला.

एक-दोन प्रवासांत तो असा बदलला की आता दुसरा जमत नाही. घरी दिवाळीआधी पडदे धुतले की एक टोक नवऱ्याकडे देते आणि पडदा गरगर फिरतो. ‘अगं उलटं काय करतेस?’ तो दरवर्षी विचारतो. मी दरवर्षी म्हणते, ‘तू उलटं करतोयस.’ तुला मी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असतीस.

आता त्या जांभळ्या साडीकडे येते.

तो फोटो तूच पाठवला होतास, मांडूहून, मोठ्या आनंदात. ‘बघ, पंखा फुल करून तासाभरात वाळवलं!’ खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तुझी नाड्यांची दोरी. त्यावर तुझी करड्या काठांची सुती साडी, तुझा परकर, आणि त्याला लागून एक जांभळी साडी. जरीची बारीक किनार. मी फोटो मोठा करून बघितला. तुझ्याकडे जांभळं काही नाही. तू मांडूला गेल्याचंही मला त्या फोटोवरूनच कळलं.

मी फोन केला. ‘जांभळी साडी कुणाची?’

‘रजनी वहिनींची. माझ्या शेजारच्या. अगं, त्या कधी कुठे गेल्याच नव्हत्या. सटाण्याहून लग्न करून कॅम्पात आल्या, त्यानंतर माहेर, सासर आणि सप्तशृंगी गड. मी म्हटलं चला.’

‘मला का नाही म्हटलंस?’

‘तुझं ऑडिट चालू होतं.’

‘ऑडिट काय वर्षभर चालतं?’

‘तुझं चालतं,’ म्हणालीस, आणि मागे कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं.

पुढल्या प्रवासालाही तू तिलाच नेलंस. त्या वेळी ऑडिट नव्हतं. मी विचारलं नाही. पण बाकी सगळ्यावरून भांडले. तू कॅम्पातून इकडे गंगापूर रोडला आलीस की आपण चहाच्या आधी भांडायचो आणि चहानंतर पुन्हा. मग या उन्हाळ्यात तू म्हणालीस, ‘येत्या थंडीत आपण तिघी जाऊ. गुजरातेत. हवा कोरडी, कपडे पटकन वाळतात.’

‘ती येणार असेल तर मी येत नाही.’

‘का?’

‘चादरीला टोकं दोनच असतात, मंगल.’

‘चार असतात, मुकादम. चित्रकला कोण शिकवायचं, मी का तू?’

मला हसू आलं होतं. मी ते गिळलं. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. तीन बायका प्रवासाला गेल्या की एक नेहमी सामानापाशी बसते, आणि ती कोण असणार हे मला ठाऊक होतं. तू म्हणालीस, ‘पुन्हा बोलू.’ आणि तू गेलीस, न बोलताच. यात तुझा दोष नाही. पण भांडण अर्धवट टाकून जायची सवय तुला कधी नव्हती.

तुझ्या दहाव्याला तुझा भाऊ आणि बाकीची मंडळी रामकुंडावर गेली आणि घरातलं धुणं मी माझ्याकडे घेतलं. दहाव्याला घरातलं सगळं धुवून काढायचं असतं, अंथरुणं, पांघरुणं, पडदे, पायपुसणीसुद्धा. हे काम माझंच आहे असं मला वाटत होतं. तुझ्या घराचं शेवटचं धुणं दुसरं कोण करणार? मी साबण, ब्रश, हातमोजे, जास्तीची दोरी असं सगळं पिशवीत घालून पहिल्याच बसने कॅम्पात आले. दाराशी पोचले तर आतून बादलीचा आवाज.

जांभळ्या साडीतली बाई मोरीत उकिडवी बसली होती. साडी तीच, आता धुऊन धुऊन विटलेली.

‘या ताई,’ ती म्हणाली. ‘सगळं सकाळीच भिजत टाकलं म्या.’

‘तुम्ही आत कशा आलात?’

‘चावी माझ्याकडेच ऱ्हायची ना.’ तिने हे इतक्या सहज म्हटलं की त्यात माझ्यासाठी काही टोचणारं असेल हे तिच्या मनातही नसणार. ‘ती लाल बादली नका घेऊ, कडी निसटते तिची. निळी घ्या.’

तुझ्या बादल्यांची खोड मला माहीत नव्हती. आपण लोकांच्या गावातल्या बादल्या वापरल्या. तुझ्या घरी मी पाहुणीसारखी येऊन चहा पिऊन गेले, बादलीपर्यंत पोचलेच नाही.

मी पदर खोचला.  ती घासत होती, मी खळबळत होते. कॅम्पातल्या लष्कराचा तोफांचा सराव चालू असावा, मधूनच लांबून धप्प असा आवाज यायचा आणि खिडकीची काच थरथरायची. ती दचकायची नाही, मी दचकायचे. ‘सवय नाय तुम्हाला,’ ती म्हणाली. मला तेही लागलं.

तिने बोलायला सुरुवात केली ती प्रवासापासून. ‘लय भ्यायले व्हते मी पहिल्यांदा. म्हटलं, मंगलताई, मला जमायचं नाय, माझ्याकडे चांगली बॅग नाय. तर म्हणे कशी, दोन साड्या घ्या आणि चला.’

मी हातातला पडदा तसाच धरून उभी राहिले. ‘दोन जोड घे आणि चल’ हे तू मला म्हटलं होतंस. माझ्यासाठी म्हणून म्हटलं होतंस असं मी इतकी वर्षं समजत होते. माणूस काय काय स्वतःच्या नावावर लावून घेतं, नाही?

‘आणि धुणं?’ मी विचारलं. हाच प्रश्न मला जांभळी साडी दिसल्यापासून विचारायचा होता. ‘प्रवासात धुणं ज्याचं त्याचं, की...?’

‘ज्याचं त्याचं कसं? दोघी मिळून. मज्जा यायची हो.’

तिने तुझी चादर बादलीतून काढली. मालेगावची ती सुती चादर, जी तू प्रवासाला न्यायचीस, कारण लॉजच्या चादरींवर तुझा विश्वास नव्हता. पाण्याने जड झालेली. तिने एक टोक माझ्याकडे दिलं आणि दुसरं धरून दाराकडे मागे सरकत गेली. मी सवयीने पिरगाळलं, डावीकडे, उलटं. मनात तयारी होती की आता चादर गरगर फिरणार आणि तिला सांगावं लागणार की थांबा, माझा हात वेगळा आहे. सांगताना थोडं बरंही वाटलं असतं.

चादर फिरली नाही. पहिल्याच झटक्याला पीळ बसला. घट्ट, दोरखंडासारखा, आणि पाणी धाड्कन फरशीवर पडलं.

माझ्या पायांवर पाणी आलं तरी मला कळेना. मग कळलं. म्हणजे ती पण.

‘वहिनी, तुम्ही डावऱ्या आहात?’

‘नाय ओ. जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं. ती डावरी व्हती ना.’ तिने हाताकडे बघितलं, तो दुसऱ्याचा असल्यासारखा. ‘तिच्यासंगं धू धू धुवून हात असाच पडला. आता आमचे हे चिडतात. म्हणतात, अगं उलटं काय करतेस.’

मंगल, मला त्या क्षणी तुझा इतका राग आला. मला वाटलं होतं, तुझ्यासाठी हात वळवलेली जगात मी एकटी आहे. तू कुणाकुणाचे हात वळवून ठेवलेस? शिर्डीवालीचा नसेल, तेवढा विश्वास आहे. पण ही, जिला मी कधी भेटले नव्हते, जिची फक्त साडी मला ठाऊक होती, तिच्या मनगटात माझंच मनगट. ‘माझी’ लिहिणाऱ्यांचं मला काही नाही, लिहायला काय लागतं? हिने तर काही लिहिलंच नव्हतं.

आणि तरी, खोटं कशाला बोलू, हातांना बरं वाटलं. चादर पिळली जात होती. तू गेल्यावर मी त्या हाताचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. आम्ही दुसरी चादर घेतली, मग पडदे, मग तुझा टॉवेल. एकीनेही ‘थांबा’ म्हटलं नाही. सगळं कोरडं होईपर्यंत पिळलं. मला हेवाही तेवढाच वाटत होता आणि हातही तेवढेच चालत होते. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

कपडे वाळत घातले. गच्चीवर कोरडं ऊन होतं. ती पायरीवर बसली, मीही बसले, मधे एक पायरी सोडून. तिने पदराने हात पुसले आणि समोर बघत विचारलं, ‘ताई, तुमच्याशी ती भांडायची का हो?’

‘रोज,’ मी म्हटलं.

‘कशावरून?’

‘कशावरूनही. बॅगेवरून, गाडीच्या वेळेवरून. चहात साखर किती यावरून. एकदा सूर्य कुठून मावळतोय यावरून.’

ती हसली नाही. ‘मग काय, ओरडायची?’

‘ओरडायची. मीही ओरडायचे. फोन आपटायची. मग पाच मिनिटांनी तिचाच फोन, पुढचं ऐकवायला.’

 तोफ वाजली. ‘माझ्याशी एकदा बी नाय,’ ती म्हणाली. ‘कधी आवाज चढवला नाय. वहिनी, राहू द्या, मी करते. वहिनी, तुम्ही बसा. वहिनी, दमलात का. तुमचं नाव निघालं की मात्र अशी फुलायची. मुकादम असं म्हटली, मुकादमाला मी असं सुनावलं. मले वाटे, आपल्यालाबी कधी एक शिवी हासडावी तिनं. इतकी वर्षं शेजारी, दोनदा प्रवासाला गेलो, हात बदलला तिच्यापायी. तरी शेवटपर्यंत वहिनीच. मी काय पाहुणी व्हते का?’

सटाण्याची बोली तिच्या तोंडात एरवी दबलेली असते, त्या वेळी वर आली होती. तिचं नाक लाल झालं होतं.

मी तिच्याकडे बघितलं आणि मला तो चेहरा ओळखीचा वाटला. मांडूच्या फोटोपासून मी तोच चेहरा घालून फिरत होते. चावी तिच्याकडे, बादल्या तिला ठाऊक, शेवटचे दोन प्रवास तिचे. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू सगळं माझ्याकडेच आहे.

अशा वेळी काय म्हणायचं ते मला येतं. शाळेत इतकी वर्षं सगळ्यांच्या घरी सांत्वनाला मीच पुढे असायचे. म्हणायचं, ‘वहिनी, भांडण ही काय हेवा करण्यासारखी गोष्ट आहे का? तुमच्याबरोबर तिला निवांत वाटायचं. म्हणून तर ती तुम्हाला न्यायची.’ ते खरंही असेल. माझ्याबरोबर तू निवांत नसायचीस, एवढं मला कळतं. वाक्य तयार होतं, ती वाट बघत होती, आणि बोलायला काही अडचण नव्हती.

मी बोलले नाही.

बाकी सगळ्यात वाटेकरी निघाले, मंगल. ‘माझी’ म्हणण्यात निघाले, दोन जोडांत निघाले, हाताच्या वळणातही निघाले. भांडण तेवढं निखळ माझं निघालं. ते मला दहाव्या दिवशी कळलं आणि लगेच त्यातलं अर्धं काढून देण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही. मी उठले, रिकामी बादली घेतली आणि तिला म्हटलं, ‘चला, पायपुसणी राहिलीत.’

आता तू म्हणशील, मुकादम, दोन शब्द बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं? म्हण ना. मोठ्याने म्हण. मी ऐकून घेणार नाहीये.